झुकलेली पापणी आणि वैद्याचे कर्तव्य

वार्धक्यात शरीराचे कोणते गुण केव्हा ओसरतात याचा हिशेब शार्ङ्गधराने दशकांच्या क्रमाने मांडून ठेवला आहे. त्या क्रमात पाचव्या दशकाशी त्वचा आणि सहाव्या दशकाशी दृष्टी जोडलेली आहे. त्वचेपाठोपाठ दृष्टी हा क्रम आम्ही विद्यार्थीदशेत पाठ केला आणि परीक्षेत लिहिला. परंतु सैल पडलेली त्वचाच दृष्टीच्या आड येऊ शकते, ही गोष्ट मात्र आम्हांस फार उशिरा, आणि तीही एका रुग्णेने शिकविली.

हिंगणा तालुक्यातील एका खेड्यातून सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई आमच्याकडे येत असत. कपाळ जड होते, सायंकाळी डोके ठणकते, मान आखडते, अशी त्यांची तक्रार होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी होऊन गेलेली होती. आम्ही वातज शिरःशूल व मन्यास्तंभ असे निदान केले. नस्य दिले, स्नेहन-स्वेदन केले, पोटात औषधे दिली. जवळजवळ सहा महिने हा क्रम चालला. थोडे बरे वाटे, पुन्हा तसेच होई. अखेर एके दिवशी सोबत आलेली त्यांची नात सहज बोलून गेली, "आजी डाळ निवडताना एका बोटाने पापणी वर धरून ठेवते." आम्ही चपापलो. आजीबाईंना समोर बसवून कपाळावर अंगठा दाबून धरला व डोळे उघडावयास सांगितले. पापण्या बाहुलीच्या मध्यापर्यंत उतरल्या होत्या. दिवसभर भुवया उचलून, हनुवटी वर करून त्या जग पाहत होत्या. कपाळ दुखत होते ते त्यामुळे आणि मान आखडत होती तीही त्यामुळेच. आम्ही सहा महिने कार्याची चिकित्सा करीत राहिलो, कारण समोर दिसत असूनही आम्हांस दिसले नाही.

ही चूक आम्ही येथे मोकळेपणाने सांगतो, कारण ती केवळ आमची असेल असे आम्हांस वाटत नाही. वृद्धाच्या पापण्या खाली आल्या की "वय झाले, चालायचेच" असे म्हणणारे वैद्य आपल्यांत पुष्कळ आहेत. दुसरीकडे "पापणीची शस्त्रक्रिया म्हणजे श्रीमंतांची सौंदर्यहौस" असे मानणारेही आहेत. हे दोन्ही समज रुग्णाच्या मुळावर येतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे

वरची पापणी बाहुलीवर आली की दृष्टिक्षेत्राचा वरचा भाग प्रथम नष्ट होतो. समोरचे अक्षर वाचता येते, म्हणून तपासणीच्या तक्त्यावर दृष्टी ठीक भरते. परंतु दाराची चौकट, झाडाची फांदी, रस्ता ओलांडताना बाजूने येणारे वाहन या गोष्टी उशिरा दिसतात. हनुवटी वर करून चालणाऱ्यास पायाखालची पायरी दिसत नाही. उतारवयातील एखादे पडणे किती महागात जाते हे आपल्याला सांगावयास नको. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध अनेकदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहत नाही. "मोतीबिंदू काढला तरी नीट दिसत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची पापणी तपासली पाहिजे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पापण्या ताणून धराव्या लागतात. त्यानंतर काही रुग्णांत पापणी उचलणाऱ्या स्नायूची कंडरा सैल होऊन पापणी खाली येते, हे नेत्रतज्ज्ञांस चांगले माहीत आहे. भिंग निर्दोष असते, पण खिडकीवर पडदा असतो.

प्रथम निदान

झुकलेली पापणी हे लक्षण आहे. व्याधी निरनिराळे आहेत. स्थूलमानाने तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला प्रकार म्हणजे त्वचेचे शैथिल्य. यात पापणीची कड आपल्या जागी असते, पण वरील सैल त्वचा पडद्यासारखी तिच्यावरून ओघळते. दुसरा प्रकार म्हणजे कडच खाली येणे, ज्यास आधुनिक शास्त्रात टोसिस म्हणतात. वृद्धांत याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे स्नायूची कंडरा ताणली जाणे किंवा सुटणे. स्नायूचे बल बहुधा शाबूत असते. तिसऱ्या प्रकारात भुवईच खाली उतरलेली असते व ती त्वचेला आपल्यासोबत खाली आणते. पुष्कळदा दोन किंवा तीन प्रकार एकाच रुग्णात एकत्र असतात.

हे ओळखण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. एक छोटी विजेरी व मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी पुरेशी आहे. रुग्णास सरळ समोर पाहावयास सांगावे व विजेरीचा प्रकाश डोळ्यावर टाकावा. बाहुलीत चमकणाऱ्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. सामान्यतः ते ४ ते ५ मिलिमीटर असते. २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरल्यास पापणी दृष्टीच्या आड येत आहे असे समजावे. मग सैल त्वचा बोटाने हलकेच उचलून कड कोठे आहे ते पाहावे. शेवटी भुवई अंगठ्याने स्थिर धरून रुग्णास आधी खाली व मग वर पाहावयास सांगावे आणि कड किती सरकते ते मोजावे. हे अंतर १२ मिलिमीटर वा अधिक असेल तर स्नायू सबळ आहे. ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो क्षीण आहे. रुग्णाचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे छायाचित्र मागवून ताडून पाहावे. घरोघरी लग्नसमारंभाची छायाचित्रे असतातच.

ग्रंथ काय सांगतात

सुश्रुतांनी ७६ नेत्ररोग सांगितले, त्यांपैकी २१ वर्त्मगत. त्यांतील वातहतवर्त्म म्हणजेच आजचा टोसिस, असे समीकरण आपल्या पाठ्यपुस्तकांत सर्रास दिलेले असते. परंतु वातहतवर्त्माच्या लक्षणात पाठभेद आहे. एका पाठाने पापणी मिटलेली राहते, तर दुसऱ्या पाठाने ती मिटतच नाही. त्यामुळे काही विद्वान त्याचा अर्थ पापणी पडणे असा करतात, तर काही डोळा उघडा राहणे असा. ज्या नावात दोन परस्परविरुद्ध अवस्था मावतात, ते नाव केसपेपरवर लिहिले म्हणजे निदान झाले असे मानता येणार नाही. वार्धक्याने ओघळलेल्या त्वचेला तर त्या २१ रोगांत स्वतंत्र नावही आढळत नाही.

सुश्रुतांनी वातहतवर्त्म असाध्य गणले आहे, हेही विसरता कामा नये. जे त्यांनी असाध्य म्हणून बाजूला ठेवले, ते आपण तर्पण, पुटपाक किंवा अंजनाने बरे करू अशी ग्वाही रुग्णास देणे हा ग्रंथाचाही अवमान आहे.

पापणीवरील शस्त्रकर्म मात्र सुश्रुतांनी उत्तरतंत्राच्या १६ व्या अध्यायात विस्ताराने सांगितले आहे, ते पक्ष्मकोपासाठी. डोळ्यात वळलेले केस टोचत असता वरच्या पापणीची त्वचा यवाच्या आकारात काढावयाची. तीही अशी, की भुवईखाली दोन भाग व पक्ष्मांजवळ एक भाग त्वचा शिल्लक राहील. नंतर केसाने सीवन करावयाचे, मध व तूप लावावयाचे, कपाळाला पट्ट बांधून टाके त्यास अडकवावयाचे आणि व्रण सांधला की केस काढून घ्यावयाचे. आज ब्लेफरोप्लास्टी करणारा शल्यविद वरच्या पापणीवर जो छेद आखतो, त्याचा आकार व जागा याहून फार निराळी नसते. भुवई व पक्ष्म यांच्यामध्ये किमान २० मिलिमीटर त्वचा राखावी, नाहीतर डोळा मिटणार नाही, हा आजचा दंडक आहे. किती काढावे यापेक्षा किती ठेवावे याची चिंता सुश्रुतांनीही आधी केली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. सुश्रुतांचे कर्म वळलेल्या केसांसाठी होते, झुकलेल्या पापणीसाठी नव्हे. कर्म सारखे असले तरी प्रयोजन भिन्न आहे. "पापणी उचलण्याची शस्त्रक्रिया आमचीच" असे व्यासपीठावरून म्हणण्यापूर्वी एवढा विवेक आपण राखला पाहिजे. खरा अभिमान बाळगण्याजोगे आपल्याजवळ पुष्कळ आहे. १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात कावसजी नावाच्या गाडीवानाच्या नाकाची पुण्याजवळ झालेली पुनर्रचना सचित्र प्रसिद्ध झाली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. महाराष्ट्राच्या भूमीवरील एका अनाम कारागिराचे हे ऋण जगाने मान्य केले आहे. त्यात भर घालण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही.

शस्त्र कोणी धरावे

२० नोव्हेंबर २०२० रोजी तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने अधिसूचना काढली. तीत पदव्युत्तर शिक्षणात शिकावयाची ५८ शस्त्रकर्मे नमूद केली. ३९ शल्याची व १९ शालाक्याची. तिच्या निषेधार्थ भारतीय वैद्यक संघटनेने ११ डिसेंबर २०२० रोजी देशभर काम बंद ठेवले. त्या वादात दोन्ही बाजूंनी बरेच काही बोलले गेले. त्या आगीत तेल ओतण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे, की ती अधिसूचना शल्य व शालाक्याच्या पदव्युत्तर स्नातकांसाठी आहे, बी.ए.एम.एस. झालेल्या प्रत्येकाने शस्त्र उचलावे असा तिचा अर्थ नाही. आणि ज्याला अधिकार आहे, त्याच्याजवळ अभ्यास आहेच असेही नाही. सुश्रुतांनी सूत्रस्थानात योग्यासूत्रीय अध्याय लिहिला तो याचसाठी. कोहळा, भोपळा, काकडी यांवर हात बसल्याखेरीज शिष्याने रुग्णाला हात लावू नये, हा त्यांचा दंडक कोणत्याही परिषदेच्या अधिसूचनेहून जुना आहे.

पापणीची शस्त्रक्रिया लहान दिसते. स्थानिक भूल देऊन ती होते, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो, टाके आठवड्याच्या आत निघतात, सूज व काळेनिळेपणा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. पण त्वचा अधिक काढली गेली तर डोळा मिटत नाही व बुबुळ कोरडे पडून त्यास व्रण होतो. डोळ्यामागे रक्तस्राव झाला तर, क्वचित का होईना, दृष्टी कायमची जाते. तो काही तासांच्या आत ओळखून तेथल्या तेथे उपाय करावा लागतो. ज्याच्या शस्त्रगृहात ही तयारी नाही, त्याने ही शस्त्रक्रिया करू नये, मग त्याची पदवी कोणत्याही शास्त्राची असो. स्नायू सबळ असता कंडरा घट्ट करावयाची, क्षीण असता पापणी कपाळाच्या स्नायूशी जोडावयाची, केवळ त्वचाच सैल असता तेवढीच काढावयाची, हा निर्णय ज्याने अशा शेकडो पापण्या पाहिल्या आहेत त्यानेच घ्यावा.

हिंगण्याच्या वैद्यास यासाठी दूर पाहावे लागत नाही. डिगडोहचे लता मंगेशकर रुग्णालय आपल्या रस्त्यावरच आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व मिहानमधील एम्स अर्ध्या दिवसात गाठता येतात. रुग्णाच्या हातात केवळ नाव न देता आपली मोजमापे लिहिलेली चिठ्ठी द्यावी. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड उपलब्ध झाले आहे, हे त्यास सांगावे. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया अशा योजनांत बसत नाही. म्हणूनच दृष्टिक्षेत्राची तपासणी व पापणी बाहुलीवर येत असल्याची नोंद आधीच करून घ्यावी आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. अशा चिठ्ठीच्या मोबदल्यात कोणाकडूनही काही स्वीकारू नये. अशा व्यवहाराला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात २०१७ साली तयार झाला होता. पण कायदा असो वा नसो, रुग्णाच्या पापणीवर दलाली घेणे वैद्यधर्मात बसत नाही.

जेथे एक दिवसही थांबू नये

वयानुसार पापणी हळूहळू, वर्षानुवर्षे उतरते. एका दिवसात उतरलेली पापणी हा वार्धक्याचा भाग नसतो. एकाच डोळ्याची पापणी अकस्मात पडली, सोबत तीव्र डोकेदुखी आहे, एकाचे दोन दिसतात किंवा बाहुली मोठी झाली आहे, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा असण्याचा संभव असतो. अशा रुग्णास त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात पाठवावे. पापणी किंचित खाली व बाहुली लहान असेल, तर छातीची तपासणी करून घ्यावी, विशेषतः विडी ओढणाऱ्यांत. फुफ्फुसाच्या शिखरावरील अर्बुद असे दर्शन देऊ शकते. सकाळी ठीक व सायंकाळी पापणी पडते, चावताना जबडा थकतो, असे असेल तर स्नायुदौर्बल्याचा विशिष्ट व्याधी मनात आणावा. पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्याने ती स्पष्टपणे उचलली गेली, तर संशय बळावतो.

आणि शेतशिवारात राहणाऱ्या आपल्या लोकांबाबत एक गोष्ट कधीही विसरू नये. रात्री जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन उठला व त्याच्या दोन्ही पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर मण्यार चावली असे धरून चालावे. दंश दिसेलच असे नाही, दुखेलच असेही नाही. तेथे नस्य वा अंजनाचा विचार करणारा वैद्य रुग्णाचा श्वास गमावतो. प्रतिविष व कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय हाच तेथे एकमेव मार्ग आहे.

आपले औषध कोठे

मग आपल्याला काहीच काम उरत नाही काय? उरते, आणि ते मोठे आहे. पापणीच्या कडांचा दाह, कोरडेपणा, डोळ्यांतून पाणी येणे या तक्रारी वृद्धांत पापणीच्या शैथिल्यासोबतच असतात. तेथे त्रिफलादी कल्पांचा व क्रियाकल्पांचा आपला अनुभव उपयोगी पडतो. रुग्णाची निद्रा, अग्नी व मलप्रवृत्ती, मधुमेह व रक्तदाब ताळ्यावर आणून त्यास शस्त्रकर्मास योग्य करणे हे पूर्वकर्म आपणच उत्तम करू शकतो. शस्त्रक्रियेनंतर मात्र व्रण भरेपर्यंत शल्यविदाच्या संमतीवाचून डोळ्यात काहीही घालू नये.

एक सूचना आम्ही आग्रहाने करतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक कल्पाची यादी शल्यविदास लिहून द्यावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांबाबत सर्वांना ठाऊक असते. पण औषधी मात्रेतील लसूण, अधिक मात्रेतील हळद व गुग्गुळाचे कल्प यांनीही रक्तस्राव वाढण्याची शंका घेतली जाते, हे फार थोडे वैद्य रुग्णास सांगतात. सांधेदुखीसाठी महिनोन्महिने गुग्गुळ घेणारे वृद्ध आपल्याकडे घरोघरी आहेत. हृदयविकाराच्या गोळ्या मात्र आपण होऊन बंद करू नयेत. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविद यांचा.

आमच्या फार्मसीधारक बंधूंनाही दोन शब्द. पापणी उचलणारे, डोळ्यांभोवतीची त्वचा घट्ट करणारे थेंब, अंजने व तेले यांची मागणी ग्राहक करतात व पुरवठा करणारेही मिळतात. सैल झालेली त्वचा वा सुटलेली कंडरा कोणत्याही अंजनाने पूर्ववत होत नाही. आधुनिक शास्त्रातही पापणी काही तास उचलून धरणारे थेंब अमेरिकेत २०२० साली मान्य झाले, ते तात्पुरत्या परिणामासाठीच. डोळ्यांच्या विकारांवरील औषधांची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या कक्षेत येते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, परवाना क्रमांक नसलेला सुरमा हा बहुधा शिशाचा सल्फाइड असतो व नेत्रबिंदू निर्जंतुक नसल्यास डोळाच जातो. हा माल दुकानात ठेवू नये. एका बाटलीचा नफा आणि आपल्या सर्वांची पत, यांत कोणते जड हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही.

रूपासाठी शस्त्रक्रिया मागणाऱ्या वृद्धाचीही आपण हेटाळणी करू नये. आरशात आपला थकलेला चेहरा पाहून खिन्न होणे हा काही अपराध नव्हे. त्यास लाभ, धोका व खर्च नीट समजावून सांगावा आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

आमच्या त्या आजीबाईंची शस्त्रक्रिया झाली. दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा हनुवटी सरळ होती व कपाळ दुखत नव्हते. आमच्या औषधांविषयी त्यांनी काहीच म्हटले नाही. त्यांचा तो मोठेपणा होता. संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा आपल्या परिसरातील ज्येष्ठांच्या पापण्या पट्टीने मोजण्याचा उपक्रम हाती घ्यावा व ज्यांना गरज आहे त्यांना योग्य ठिकाणी पाठवावे, अशी आमची सूचना आहे. असाध्य ते ओळखून दुसऱ्याच्या हाती वेळेवर सोपविणे हेही चिकित्सेचेच अंग आहे. तेवढे जरी आपण केले, तरी पुष्कळ वृद्धांच्या डोळ्यांवरचा पडदा उठेल. इत्यलम्.